भंगाराच्या यादीतलं मशीन मोबाईलशी बोलू लागलं : जुनी लॅब उपकरणं स्वस्तात कॉम्प्युटरला कशी जोडायची?



तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यात एखादं मशीन नक्की असेल. पिवळट पडलेलं, वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ. सर सांगतात, "चालतं ते, पण कॉम्प्युटरला जोडता येत नाही." मग रीडिंग वहीत उतरवायचं, वहीतून एक्सेलमध्ये टाकायचं आणि त्यात दोन-चार आकडे चुकवायचे.

आमच्याकडेही असंच एक मशीन होतं, नव्वदच्या दशकातला स्पेक्ट्रोफोटोमीटर. द्रावणातून किती प्रकाश आरपार जातो आणि किती शोषला जातो, हे तो मोजतो. गेल्या वर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी तो आधी लॅपटॉपला आणि मग चक्क मोबाईलला जोडला. उपयोगी पडलेल्या सामानाचा खर्च झाला ७१० रुपये. माझ्या मूर्खपणाचा खर्च वेगळा, तोही सांगतो. या लेखात सगळं क्रमाने देतोय, म्हणजे तुमचे पैसे आणि मशीन दोन्ही वाचतील.

गोष्ट सुरू कुठून झाली?

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. प्रोजेक्ट होता क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाचा. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं की रंग हळूहळू उडतो. ५९० नॅनोमीटरला रीडिंग घेत राहायचं आणि रंग किती वेगाने उडतो त्यावरून अभिक्रियेचा दर काढायचा. सुरुवातीला आकडे इतके भराभर बदलतात की दर पाच सेकंदांना रीडिंग हवं. मी स्टॉपवॉच बघून "हं!" म्हणायचो आणि माझी पार्टनर आकडा लिहायची. तिसऱ्या दिवशी तिने ०.५८२ चं ०.५२८ लिहिलं. आलेखात तो एक ठिपका खड्ड्यात पडल्यासारखा दिसत होता. बाकीचे किती चुकले असतील, ते कळायला मार्ग नव्हता.

मागच्या दोन बॅचचे निकालही एकमेकांशी जुळत नव्हते. मॅडमचं म्हणणं होतं, मशीनच खराब झालंय. डेड स्टॉकच्या रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर पेन्सिलने फुली मारलेली होती. महिनाअखेरीस समिती येणार आणि मशीन भंगारात जाणार. नव्याची किंमत लाखांत, ती कॉलेजला झेपणारी नव्हती. म्हणजे हे मशीन गेलं की आमचा प्रोजेक्टही गेला आणि पुढच्या बॅचचं प्रॅक्टिकलही.

लॅबचे मामा म्हणाले, "अरे पोरा, पूर्वी याला प्रिंटर होता. मागे भोक आहे बघ त्याचं."

आमचं सगळं काम त्या भोकापासून सुरू झालं.

पायरी १ : मशीनच्या पाठीमागे बघा

मशीन बंद करा, प्लग काढा आणि मोबाईलचा टॉर्च लावून मागची बाजू नीट बघा. फोटोही काढून ठेवा. साधारण या गोष्टी दिसू शकतात :

• ९ किंवा २५ पिनांचा, इंग्रजी डी अक्षरासारखा सॉकेट. जवळ आरएस-२३२, सिरियल किंवा प्रिंटर असं काही लिहिलेलं. हा दिसला तर काम सोपं आहे.

• दोन स्क्रू किंवा दोन गोल सॉकेट, जवळ 'रेकॉर्डर' लिहिलेलं. पूर्वी इथे कागदाच्या पट्टीवर पेनने आलेख काढणारं यंत्र लावायचे. इथून आकडे येत नाहीत, व्होल्टेज येतं.

• २४ पिनांचा रुंद सॉकेट, ज्याच्या केबली एकावर एक चढवता येतात. हा जीपीआयबी.

• काहीच नाही. घाबरू नका, त्यावरही उपाय आहे.

एक सावधगिरी हवी. २५ पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे तो सिरियलच असेल असं नाही. जुन्या पॅरलल प्रिंटरचा सॉकेटही तसाच दिसतो. त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय आणि मल्टिमीटर लावल्याशिवाय काही जोडू नका.

आता माझी चूक ऐका

सॉकेटवर आरएस-२३२ लिहिलेलं बघून मला भलताच आनंद झाला. माझ्याकडे साडेतीनशे रुपयांचा आर्डुइनो बोर्ड होता. म्हटलं, सिरियल तर सिरियल, आर्डुइनोलाही सिरियल पिन असतेच की. संध्याकाळी लॅब रिकामी असताना, मॅडमना न विचारता, मशीनमधून दोन वायरी थेट बोर्डात घातल्या.

धूर निघाला नाही, आवाजही आला नाही. बोर्ड फक्त लॅपटॉपला ओळख देईना. केबल बदलली, पोर्ट बदललं, पण तो गेला तो गेलाच. मग लक्षात आलं की स्पेक्ट्रोफोटोमीटरही तसाच चालू आहे आणि त्याचं काय झालं असेल ते मला माहीत नाही. मी तो बंद करून पुन्हा चालू केला. त्याची स्वतःची तपासणी पूर्ण व्हायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात मॅडमसमोर उभा राहून चार वेळा माफी मागितली.

मशीन वाचलं. त्याचं श्रेय मला नाही, आरएस-२३२ ची रचना करणाऱ्यांना आहे. चुकून तारा एकमेकींना चिकटल्या तरी सिग्नल पाठवणारा भाग जळू नये, अशी अटच त्या मानकात घातलेली आहे. दुसऱ्या दिवशी मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या, पण नंतर म्हणाल्या, "आता करायचंच असेल तर वाचून कर. आणि मामा समोर असताना कर."

बोर्ड का जळला? आरएस-२३२ म्हणजे नेमकं काय?

आरएस-२३२ हे मानक १९६० मधलं आहे. त्यात आकडे एका तारेवरून एकामागून एक बिट असे जातात. बिटांची व्होल्टेजं मात्र आपल्या सवयीची नाहीत. '१' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि '०' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. हो, उलटंच आहे, आणि उणेसुद्धा आहे.

आर्डुइनोसारख्या बोर्डाला '०' म्हणजे ० व्होल्ट आणि '१' म्हणजे ५ व्होल्ट एवढंच समजतं. काही बोर्डांना तर ३.३ व्होल्टच चालतात. त्यांना उणे व्होल्टेज सोसत नाही. मी त्या बिचाऱ्याला उणे नऊ व्होल्ट पाजले.

मध्ये दुभाषी हवा. मॅक्स-२३२ नावाची छोटी चिप हेच काम करते. ५ व्होल्टच्या सप्लायवर चालते आणि चार कपॅसिटरच्या मदतीने स्वतःच अधिक-उणे व्होल्टेज तयार करते. ३.३ व्होल्टवाल्या बोर्डांसाठी मॅक्स-३२३२ मिळते. पण नुसते आकडे लॅपटॉपमध्ये घ्यायचे असतील तर आर्डुइनो लागतच नाही. यूएसबी-टू-सिरियल केबल आणली की झालं, कारण हा दुभाषी तिच्यात आधीच बसवलेला असतो.

पायरी २ : सामान काय आणायचं?

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. मी पुण्याहून आणलं :

• यूएसबी-टू-सिरियल केबल, ९ पिनांची : ४५० रुपये
• २५ पिनांवरून ९ पिनांवर आणणारा कनेक्टर : ८० रुपये
• नल मोडेम ॲडॉप्टर : १२० रुपये
• मोबाईलसाठी ओटीजी ॲडॉप्टर : ६० रुपये

एकूण ७१० रुपये. मल्टिमीटर फिजिक्सच्या लॅबमधून मागून आणला.

केबल घेताना आत कोणती चिप आहे ते दुकानदाराला विचारा. एफटी२३२, सीपी२१०२, सीएच३४० आणि पीएल२३०३ ही नेहमीची नावं. यांतल्या काहींच्या नकला बाजारात भरपूर आहेत. नकली किंवा फार जुन्या चिपला विंडोजचा नवा ड्रायव्हर चालायला नकार देतो. २०१४ मध्ये तर एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच पुसून शून्य केला होता आणि लोकांच्या चालू केबली अचानक बंद पडल्या होत्या. त्यामुळे सगळ्यात स्वस्त केबल शोधत बसू नका.

आणखी एक फुकटचा मार्ग आहे. ऑफिसात किंवा काकांच्या दुकानात एखादा जुना डेस्कटॉप पडलेला असेल तर त्याच्या मागे ९ पिनांचा सिरियल पोर्ट आहे का बघा. असेल तर यूएसबी केबलचीही गरज नाही.

आणि हो, यूएसबी लावायला आणि नऊ पिना दिसायला सारखीच असणारी दुसरीही एक केबल मिळते, ती ५ व्होल्टच्या सिरियलची असते. ती इथे चालणार नाही. पाकिटावर आरएस-२३२ लिहिलंय ना, ते बघूनच घ्या.

पायरी ३ : कोणती तार कुठे जाते?

नऊ पिनांपैकी आपल्याला मुख्यतः तीनच लागतात : पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. लॅपटॉपच्या ९ पिनांच्या बाजूला २ नंबर म्हणजे घ्यायची, ३ नंबर म्हणजे पाठवायची आणि ५ नंबर म्हणजे ग्राउंड.

गंमत अशी की २५ पिनांच्या सॉकेटमध्ये हे उलटं असतं. तिथे २ नंबर पाठवायची, ३ नंबर घ्यायची आणि ग्राउंड ७ नंबरला. शिवाय काही मशीन्स स्वतःला कॉम्प्युटर समजतात आणि काही मोडेम, त्यानुसार पुन्हा अदलाबदल होते. मॅन्युअल असेल तर प्रश्नच नाही. आमच्या मॅन्युअलची नेमकी शेवटची दोन पानं उंदरांनी खाल्ली होती.

अशा वेळी मल्टिमीटरची युक्ती वापरा. मशीन चालू करा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन ग्राउंडला लावा, आणि लाल पिन आधी २ नंबरला, मग ३ नंबरला. पाठवणारी तार रिकामी बसलेली असताना तिच्यावर उणे व्होल्टेज असतं. जिथे साधारण उणे ५ ते उणे १२ दिसेल, ती मशीनची पाठवायची तार. जिथे जवळपास शून्य दिसेल, ती घ्यायची. आमच्याकडे २ नंबरला उणे ९.४ आलं. पिना शेजारी शेजारी असतात, तेव्हा हात स्थिर ठेवा.

याचा अर्थ काय झाला? मशीन पाठवत होतं २ नंबरवर. कनेक्टरने ती तार ९ पिनांच्या बाजूला ३ नंबरवर आणली. लॅपटॉपची केबलही ३ नंबरवरच पाठवते. म्हणजे दोघेही एकाच तारेवर बोलणार आणि ऐकणारं कुणीच नाही. दोन माणसांनी फोन उलटा धरून माइक कानाला लावावा, तसं. नल मोडेम ॲडॉप्टर हीच अदलाबदल करतो, २ आणि ३ च्या तारा आत फिरवतो. तो मध्ये लावला आणि मामला सुटला.

सगळं बरोबर जोडूनही मशीन गप्प असेल तर ते परवानगीची वाट बघत असू शकतं. जुनी उपकरणं समोरून 'मी तयार आहे' असा सिग्नल आल्याशिवाय बोलत नाहीत. त्यासाठी मशीनच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये ९ पिनांत ७ आणि ८, किंवा २५ पिनांत ४ आणि ५ एकमेकांना जोडतात. तसंच २५ पिनांत ६, ८ आणि २० एकत्र करतात. यात मशीनचाच सिग्नल वळून मशीनला मिळतो आणि ते खूश होतं.

पायरी ४ : अक्षरं येतात, पण वेडीवाकडी

लॅपटॉपवर टेराटर्म किंवा पुट्टी यांपैकी एक टर्मिनल प्रोग्राम घ्या, दोन्ही मोफत आहेत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' खाली केबलचा नंबर दिसेल, उदाहरणार्थ कॉम ३. तोच प्रोग्राममध्ये निवडा.

आता चार गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात : बॉड रेट म्हणजे वेग, डेटा बिट किती, पॅरिटी कोणती आणि स्टॉप बिट किती. आजकाल बहुतेक ठिकाणी ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं असतं. जुन्या मशीनमध्ये, विशेषतः वजनकाट्यांत, १२०० किंवा २४०० चा वेग आणि ७ बिट सर्रास दिसतात.

मी ९६०० ठेवलं आणि मशीनवर प्रिंटचं बटण दाबलं. स्क्रीनवर नुसता कचरा. ४८०० वर कचरा, २४०० वरही कचरा. १२०० ला मात्र चमत्कार झाला. मशीनवर ०.३५६ होतं आणि स्क्रीनवरही ०.३५६! मामांनी टाळी वाजवली. पुढचं रीडिंग ०.३४८ होतं. स्क्रीनवर ०.३ आलं आणि पुढे दोन विचित्र चिन्हं.

अर्धा तास डोकं खाजवलं. मग पार्टनरने वहीत दोन रकाने केले, बरोबर येणारे आकडे आणि बिघडणारे आकडे. वीसेक रीडिंगनंतर चित्र स्पष्ट झालं. ०, ३, ५, ६, ९ कायम बरोबर आणि १, २, ४, ७, ८ कायम बिघडलेले. १ च्या जागी तर दर वेळी ± हेच चिन्ह. जे बिघडतं ते दर वेळी एकाच पद्धतीने बिघडतंय, म्हणजे तार सैल नाही, नियम वेगळा आहे.

तो नियम म्हणजे पॅरिटी. प्रत्येक अक्षर ७ बिटांत पाठवायचं आणि आठवा बिट राखणदार म्हणून ठेवायचा. 'ईव्हन' पॅरिटीत एकूण '१' ची संख्या सम व्हावी म्हणून गरज पडली तरच राखणदार बिट '१' होतो. ३ या आकड्याच्या सात बिटांत चार '१' असतात, म्हणजे आधीच सम. राखणदार ० राहतो आणि अक्षर जसंच्या तसं दिसतं. १ या आकड्यात तीन '१' असतात, म्हणून राखणदार '१' होतो. आपला प्रोग्राम ८ बिट समजून त्या राखणदारालाही अक्षराचाच भाग धरतो आणि तिथे ± उमटतं.

सेटिंग ७ बिट, ईव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट असं केलं. एका क्षणात सगळे आकडे सरळ.

एवढं लक्षात ठेवा. सगळाच कचरा येत असेल तर वेग चुकलाय. काही अक्षरं बरोबर आणि काही ठरावीक अक्षरं बिघडत असतील तर पॅरिटी चुकलीय. काहीच येत नसेल तर तारा किंवा परवानगीचा सिग्नल बघा.

काही उपकरणं आपणहून बोलत नाहीत, त्यांना विचारावं लागतं. उदाहरणार्थ मेटलर टोलेडोच्या बऱ्याच वजनकाट्यांना इंग्रजी कॅपिटल एस हे एक अक्षर आणि एंटर पाठवलं की काटा स्थिर झाल्यावर ते वजन कळवतात. एसआय पाठवलं तर स्थिर होण्याची वाट न बघता लगेच. तुमच्या उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये अशा कमांडची यादी असते.

लॅपटॉप नाही? मोबाईल आहे ना!

आमच्या लॅबमध्ये लॅपटॉप एकच आणि तो माझाच. मी नसलो की काम बंद. म्हणून मोबाईलवर करून बघितलं. अँड्रॉइडमध्ये यूएसबीवर दुसरं उपकरण चालवायची सोय ३.१ आवृत्तीपासून आहे, मात्र फोनला ओटीजी चालायला हवं. प्ले स्टोअरवर 'सिरियल यूएसबी टर्मिनल' नावाचं ॲप आहे, ते वर सांगितलेल्या चारही प्रकारच्या चिप ओळखतं. ओटीजी ॲडॉप्टर लावा, केबल लावा, फोन परवानगी मागेल ती द्या, आणि वेग व पॅरिटी तीच ठेवा.

ॲपमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेळ छापायची सोय आहे. लॉग सेव्ह करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये उघडलं की आलेख तयार. प्रयोग सुरू करण्याआधी फोन विमान मोडवर टाका. नाहीतर नेमका मधेच कुणाचा तरी कॉल येतो.

सिरियल पोर्टच नसेल तर?

'रेकॉर्डर'वाले दोन स्क्रू असतील तर तिथलं व्होल्टेज मोजायचं. पूर्ण रीडिंगला ते कधी १ व्होल्ट असतं, कधी १०० मिलिव्होल्ट, तर कधी फक्त १० मिलिव्होल्ट. आधी मल्टिमीटरने बघून घ्या.

इथे आर्डुइनो चालतो, पण एकटा नाही. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. तुमचा पूर्ण सिग्नलच १० मिलिव्होल्टचा असेल तर त्याला फक्त दोन पायऱ्या मिळतील. सोनाराचं वजन बटाट्याच्या काट्यावर केल्यासारखं!

म्हणून सोबत एडीएस१११५ नावाचं छोटं मोड्यूल घ्या. ते १६ बिटांचं आहे आणि सगळ्यात बारीक रेंजवर त्याची एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची असते. म्हणजे त्याच १० मिलिव्होल्टच्या जवळपास १२८० पायऱ्या होतात. हे आपल्या कामाला पुरतं. मात्र याच्या पिनेवर त्याच्या सप्लायपेक्षा जास्त किंवा शून्याच्या फार खाली व्होल्टेज देऊ नका, नाहीतर माझ्या बोर्डासारखी गत होईल.

स्वतः सर्किट जोडायचं नसेल तर दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेलं एक्सपआइज हे उपकरण बघा. व्होल्टेज मोजणं आणि आलेख काढणं ते स्वतःच करतं, आणि मोबाईललाही जोडता येतं. तुमच्या फिजिक्स विभागात ते आधीच असू शकतं, विचारून बघा.

जीपीआयबी असेल तर तयार ॲडॉप्टर महाग पडतो. पण एआर४८८ नावाचा एक मुक्त प्रकल्प आहे, त्यात आर्डुइनोलाच जीपीआयबीची भाषा शिकवलेली आहे. थोडं सोल्डरिंग यायला हवं, एवढंच.

आणि मागे काहीच नसेल तर? मोबाईल स्टँडवर लावा, उपकरणाचा डिस्प्ले आणि शेजारी एक घड्याळ अशा दोन्ही गोष्टी फ्रेममध्ये घ्या आणि व्हिडिओ काढा. नंतर थांबवत थांबवत आकडे उतरवा. वेळखाऊ आहे, पण शंका आली तर मागे जाऊन बघता येतं. वहीत तशी सोय नसते.

आकडे आले म्हणजे खरे आले असं नाही

जोडणी झाल्यावर लगेच प्रयोग सुरू करू नका. आधी वीस रीडिंग डिस्प्लेवरून हाताने लिहा आणि फाइलमधल्या आकड्यांशी ताडून बघा. एकही फरक नको. मग ओळखीच्या द्रावणाचं रीडिंग घ्या. केबल फक्त निरोप्या आहे, मशीनच चुकीचं सांगत असेल तर ती चुकीचाच निरोप आणणार.

आम्ही ही तपासणी करायला नुसतं पाणी भरून मशीन एक तास चालू ठेवलं. पाण्याचं रीडिंग शून्यावर स्थिर राहायला हवं. आलेख बघितला आणि आम्ही दोघं गप्पच झालो. पहिली पंचवीस मिनिटं रेषा सावकाश सरकत होती, त्यानंतर सपाट. मशीन खराब नव्हतंच. दिवा आणि आतली सर्किटं तापून स्थिर व्हायला त्याला अर्धा तास लागत होता. प्रॅक्टिकलचा तास सुरू झाला की मुलं बटण दाबून लगेच रीडिंग घ्यायची. कुणी पाचव्या मिनिटाला, कुणी चाळिसाव्या. मग दोन बॅचचे निकाल जुळणार कसे? दर काही मिनिटांनी एक आकडा वहीत लिहिताना हे सरकणं कुणाला दिसलंच नव्हतं.

सुरक्षेच्या चार गोष्टी

• मशीनचं झाकण उघडू नका. आत मेन्सची वीज असते. अतिनील प्रकाशाच्या दिव्याला पेटायला शेकडो व्होल्ट लागतात आणि तो प्रकाश डोळ्यांना इजा करतो.

• जोडताना आणि काढताना मशीन बंद ठेवा. मोजणी सुरू असताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जरमुळे ग्राउंडचा घोळ होऊन रीडिंग थरथरू शकतं.

• आधी मल्टिमीटर, मग केबल. हा क्रम बदलू नका.

• विचारून करा. मशीन कॉलेजचं आहे, आपलं नाही. हे मी ठेच लागल्यावर शिकलो.

पुढे काय झालं?

मशीन सकाळी आल्या आल्या चालू करायचं आणि अर्ध्या तासाने काम सुरू करायचं असं ठरवलं. क्रिस्टल व्हायोलेटचे तीन प्रयोग केले, दर पाच सेकंदांना एक रीडिंग, सगळी मोबाईलमध्ये. तिन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर जवळपास एकच रेषा दिसत होती. मॅडमनी ते प्रिंट समितीच्या बैठकीत नेले. परत आल्यावर त्यांनी रजिस्टर उघडलं, पेन्सिलची फुली खोडली आणि शेजारी पेनने लिहिलं, 'वापरात'.

मामांनी मशीनवर एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'चालू करून अर्धा तास थांबणे. घाई करू नये.' तिच्याखाली माझ्या अक्षरात दुसरी चिठ्ठी आहे : '१२००, ७ बिट, ईव्हन, १ स्टॉप.' तुम्ही एखादं मशीन जोडलंत तर असा कागद नक्की चिकटवा. आपण कॉलेज सोडून जातो, पण पुढच्या वर्षी तेच मशीन वापरायला नवी मुलं येतात. त्यांचा अर्धा तास वाचेल.

लेख उपयोगी वाटला तर ज्याच्या लॅबमध्ये असं एखादं धूळ खात पडलेलं मशीन आहे, त्या मित्राला नक्की पाठवा. पुन्हा भेटूया!